एकेक ग्रॅम

मुलुंड पूर्व
११ नोव्हेंबर २०२४

रुचिरा मॅडम,

मी पद्मजा, ऋतिकाची आई. हे पत्र तुमच्या अंधेरीच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरी पाठवलं तर आधी निलेश फोडेल. मेसेज करत नाही, कारण माझा फोन माझ्यापेक्षा ऋतिकाच जास्त हाताळते. आणि फोनवर आपण दोघी गेल्या खेपेला काय काय बोललो ते तुम्हाला आठवत असेल. माझ्या लॅबमधल्या पोरींनाही आठवतंय. मी त्यांच्यासमोरच ओरडत होते.

विषय सोन्याचा आहे. माझ्या आणि निलेशच्या घटस्फोटाच्या वेळी, म्हणजे तुमचं त्याच्याशी लग्न व्हायच्या आधी, ठरलं होतं, की दर दिवाळीला निलेश ऋतिकाला एक तोळा सोनं देईल. दहा ग्रॅम, चोख. आजवर दिलं, मी नाही म्हणत नाही. यंदा दिवाळी करून पोरगी बोरिवलीहून परत आली आणि पिशवीतून प्लास्टिकचं कार्ड काढून दाखवलं. त्यात एक ग्रॅमचं नाणं. शर्टाच्या बटणाएवढं! मी कार्ड उलटंसुलटं करून बघितलं, मागे आणखी काही चिकटलंय का.

"बाकीचं?" मी विचारलं.

"दर महिन्याला एक मिळणार. रुचीची आयडिया आहे."

रुची. मला आई म्हणताना दमल्यासारखी म्हणते, आणि रुची म्हणताना तोंडात साखर.

तोळ्याचं बिस्कीट सोडून ही चिल्लर कशाला? पोरीला चॉकलेटसारखं दर महिन्याला एक द्यायचं आणि दर महिन्याला थँक्यू घ्यायचं, असा बेत असेल तर सांगून टाका. उत्तर माझ्या लॅबवर पाठवा. पत्ता मागे आहे.

पद्मजा


बोरिवली पश्चिम
१९ नोव्हेंबर २०२४

पद्मजाताई,

नमस्कार. पत्र मिळालं. ऑफिसात माझ्या नावाने हाताने लिहिलेलं पाकीट आलेलं बघून सगळ्यांना वाटलं लग्नाची पत्रिका आहे.

तुमचा राग मला समजतो, पण आयडियामागे वाईट काही नाही. सोन्याचा भाव सध्या कसा उड्या मारतोय तुम्ही बघताच आहात. एकदम तोळा घ्यायचा आणि आठवड्याने भाव उतरला की हळहळत बसायचं, त्यापेक्षा दर महिन्याला थोडं घेतलं तर चढ-उतार सांभाळला जातो. दुसरं, ऋतिका आता अकरावीत आहे. उद्या क्लासची फी म्हणा, लॅपटॉप म्हणा, काही लागलं तर अख्खं बिस्कीट मोडावं लागतं. बिस्किटाचा तुकडा तोडून देता येत नाही. नाणी असली की दोन मोडायची, बाकीची राहतात.

अर्ध्या ग्रॅमचं आणि त्याहून लहानही मिळतं, पण त्यात सोन्यापेक्षा घडणावळच जास्त दिसते. म्हणून एक ग्रॅम ठरवलं. पाकीटबंद, चोवीस कॅरेटचं, बिलासकट. पुढच्या दिवाळीपर्यंत दहा पुरी करते. तुमच्या मुलीचं एक गुंजभरही कमी होणार नाही.

थँक्यूचं म्हणाल तर ती मला अजून एकदाही म्हणालेली नाही.

रुचिरा


मुलुंड पूर्व
१२ डिसेंबर २०२४

रुचिरा मॅडम,

"दहा पुरी करते" असं लिहिलंय तुम्ही. करते? द्यायचं निलेशने, बापाच्या नात्याने, आणि मिरवायचं तुम्ही? तो कुठे गेला? पोरीसोबत दुकानात जायला त्याला वेळ नाही का?

मी इथे आमच्या सराफाकडे जाऊन विचारून आले. तो म्हणाला, बाई, एकेक ग्रॅमची दहा घेतलीत तर दहा वेळा घडणावळ भराल, आणि छोट्या नाण्यावर ती जास्तच लागते. विकायला गेलात की ती कोणी परत देत नाही. म्हणजे तुमच्या हौसेपायी माझ्या पोरीचं सोनं महाग पडतंय. हिशोबातलं मलाही कळतं.

आणि हौसच आहे ही. ऋतिकाने मला सगळं सांगितलंय. तुम्ही तिला दुकानात खुर्चीवर बसवता. पुढ्यात चार नाणी मांडता. लक्ष्मीचं, गुलाबाचं, कमळाचं, कोरं. ती अर्धा तास निवडते. वजन तेच, सोनं तेच, त्यात निवडायचं काय डोंबल? मग समोरच्या गाडीवर पाणीपुरी. मग तुमच्या पार्लरवालीकडे. पोरगी केस कापून आली! खांद्याच्या वर! सोळा वर्षं मी त्या केसांना तेल लावलं, आणि मला विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही.

मी दार उघडलं तेव्हा क्षणभर मला ती ओळखूच आली नाही. आत आली तर तुमच्या सेंटचा वास.

तुम्हाला हौस असेल तर स्वतःची करा. माझ्या पोरीवर नको.

पद्मजा


बोरिवली पश्चिम
१५ जानेवारी २०२५

पद्मजाताई,

केसांचं माझं चुकलं. मी तिला म्हटलं होतं, आधी आईला फोन कर. ती म्हणाली, "आई नाहीच म्हणेल, मग विचारून काय फायदा." मी तिथेच थांबायला हवं होतं. तिला आरशात बघून एवढं हसू आलं होतं की मला तिला थांबववेना.

घडणावळीचं तुमच्या सराफाने सांगितलं ते शंभर टक्के खरं आहे. ते नुकसान मला माहीत आहे आणि ते धरूनच मी चालले आहे. त्यापुढे मला विचारू नका.

मिरवण्याबद्दल मात्र बोलते. महिन्यातून एक रविवार, सकाळी दहाला ती येते, संध्याकाळी पाचला जाते. त्यातला अर्धा वेळ ती पपांबरोबर टीव्ही बघते. माझ्या वाट्याला दुकान, पाणीपुरी आणि बसस्टॉपपर्यंतचा रस्ता येतो. तुम्ही तेवढ्यावर इतक्या चिडता. मग मी काय करू? तिला कोणती भाजी आवडत नाही हे मला चार वर्षांनी कळलं. तुम्ही ताप मोजता, तुम्ही भांडता, तुमच्यासमोर ती रडते. माझ्यासमोर ती अजून पाहुण्यासारखी पाय दुमडून बसते.

तिळगुळाचा डबा तिच्याबरोबर दिला आहे. टाकून देऊ नका, मी स्वतः केलेत. थोडे कडक झालेत.

रुचिरा


मुलुंड पूर्व
३ मार्च २०२५

रुचिरा,

तिळगुळ कडक नव्हते, दगड होते. ऋतिकाने सगळे संपवले.

मी तुम्हाला कळवायला लिहितेय, की मीही आता ऋतिकासाठी नाणी घेते. लॅबमध्ये दोन महिने रविवारची ड्युटी केली, आणि परवा दोन ग्रॅमचं घेतलं. मुद्दाम दोन. सराफाकडे एकटीच गेले. मी लक्ष्मीचं मागितलं, नव्हतं, गणपतीचं घेतलं. छान लाल डबीत घालून दिलं त्याने.

घरी येऊन तिच्या पुढ्यात ठेवलं. "बघ."

उघडून बघितलं. "छान आहे." आणि उठून कपाटाच्या वरच्या खणात ठेवून आली. परत फोनमध्ये डोकं.

तुमची एक ग्रॅमची चार कुठे आहेत माहितीये? तिच्या उशाशी, चष्म्याच्या जुन्या केसमध्ये. रात्री झोपताना काढून बघते. माझं दोन ग्रॅमचं वरच्या खणात, गुणपत्रिका आणि लसीच्या कागदांबरोबर.

तुम्ही तिला काय सांगता माझ्याबद्दल? काहीतरी सांगत असणारच. नाहीतर दोन ग्रॅमपेक्षा एक ग्रॅम जड कसं होतं?

पद्मजा


बोरिवली पश्चिम
१७ मार्च २०२५

पद्मजाताई,

मी तुमच्याबद्दल तिला काहीच सांगत नाही. सांगायला मला तुमच्याबद्दल माहीतच काय आहे? जे माहीत आहे ते तिच्याकडूनच.

आता तुम्हाला काय दिसलं नाही ते ऐका. ती ९ तारखेला आली, चप्पल काढायच्या आधी फोन माझ्या नाकासमोर धरला. "रुची, बघ! आईने घेतलं. दोन ग्रॅम! तुझ्या डबल. दोन महिने रविवारी काम केलं तिने." निलेशलाही दाखवला. वॉचमनच्या बायकोला दाखवला. त्या दिवशी दुकानात गेलो तर नाणी मांडल्यावर म्हणाली, "कुठलंही चालेल गं." दोन मिनिटांत उरकलं. तुमच्या गणपतीपुढे माझी कमळं-गुलाब संपली.

घरी परत येताना मी तिच्याशी नीट बोलले नाही. तिने विचारलं, काय झालं, मी म्हटलं डोकं दुखतंय.

वरच्या खणाचं तिलाच विचारलं मी, तुमचं पत्र आलंय हे न सांगता. म्हटलं, आईचं नाणं कुठे ठेवलंस? "जिथे माझे महत्त्वाचे कागद असतात तिथे. हरवायला नको." उशाशी ठेवलेल्या वस्तू हरवतात, ताई. ती माझी नाणी हरवली तरी चालतील अशा जागी ठेवते.

मला माझं मूल नाही हे तुम्हाला माहीत आहे. का नाही हे माहीत नसेल. लग्नानंतर मी विषय काढला तर निलेश म्हणाला, मला एक मुलगी आहे, पुरे. मला नव्हती. म्हणून मग मी त्याचीच महिन्यातून एक रविवार घेते. आणि ती दिवसभर तुमच्यासारखी मान तिरकी करून बोलते. तुमचा फोटो मी बघितलाय.

रुचिरा


मुलुंड पूर्व
२ जून २०२५

रुचिरा,

तुमचं मार्चचं पत्र वाचल्यावर मी गप्प बसायचं ठरवलं होतं. बसलेही होते.

काल माझी आई आली होती. ऋतिकाने चष्म्याची केस आणून आजीपुढे उपडी केली. आता सात झालीत. आणि सांगत बसली, एकेक उचलून. हे घेतलं त्या दिवशी रुचीची चप्पल तुटली, आम्ही अनवाणी घरी आलो. हे घेतलं तेव्हा दुकानातले काका मला म्हणाले, आईवर गेलीस हां, आणि रुचीने त्यांना दुरुस्त केलंच नाही. हे घेतलं त्या दिवशी मला रडू आलं होतं, कशामुळे ते नाही सांगणार.

आजी हसतेय, पोरगी हसतेय, आणि मी स्वयंपाकघरात चपातीचं पीठ मळतेय. मळतेय, मळतेय, पीठ दगडासारखं झालं.

तुम्ही त्या दुकानदाराला दुरुस्त केलं नाही.

मला आता ती सात नाणी घरात नकोत. तिच्या उशाशी तुमचे सात दिवस ठेवलेत आणि त्यातल्या एकातही मी नाही. येत्या रविवारी तिच्याबरोबर सातही परत पाठवतेय. ती मोडा, ठरल्यातली तीन राहिलीत त्यांचे पैसे घाला, आणि दहा ग्रॅमचं एकच बिस्कीट द्या. ठरलं होतं तसं. बिस्किटाला गोष्ट नसते. ते बँकेच्या लॉकरमध्ये जाईल.

घडणावळ बुडेल, मला माहीत आहे. बुडू दे.

हे झालं नाही तर मी वकिलामार्फत कळवीन.

पद्मजा


बोरिवली पश्चिम
८ जून २०२५

पद्मजाताई,

नाणी पोचली. ऋतिका आल्या आल्या पाकीट सगळ्यांसमोर जेवणाच्या टेबलावर ठेवून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. जेवली नाही. पपांनी विचारलं तर पोट दुखतंय म्हणाली.

तुमच्या मनासारखं करते. उद्या ऑफिसला जाताना पाकीट बरोबर नेते, शनिवारी मोडून बिस्कीट घेते.

तुम्ही थोडं थांबला असतात तर बरं झालं असतं, एवढंच म्हणते.

रुचिरा


मुलुंड पूर्व
७ जुलै २०२५

रुचिरा मॅडम,

शनिवार होऊन गेले. चार. बिस्कीट नाही, नाणी नाहीत, पत्र नाही. तुमच्या ऑफिसात फोन केला तर रजेवर आहेत म्हणाले.

ऋतिका या महिन्यात बोरिवलीला जाणार नाही म्हणते. कारण विचारलं तर क्लास आहे. क्लासवाल्यांना विचारलं, रविवारी क्लासच नसतो. म्हणजे पोरगी माझ्याशी खोटं बोलतेय, आणि ते कोणासाठी हे मला कळत नाही असं समजू नका.

सात ग्रॅम सोनं तुमच्या ताब्यात आहे. आज भाव काय आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. एवढी माया होती ना पोरीवर? मग तिच्याच नाण्यांवर हात कसा पडला?

शेवटचं विचारतेय. नाणी कुठे आहेत?

पद्मजा


कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व
२० जुलै २०२५

पद्मजाताई,

मी आता इथे, माझ्या शेवंतीमावशीकडे राहते. बोरिवली सोडली.

सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिता येणार नाही.

निलेशची नोकरी गेल्या गणपतीच्या आधीच गेली. तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली होती. "पद्मजा हसेल" म्हणाला. नोकरी सुटताना मिळालेल्या पैशात त्याने शेअर बाजारातले ते एका दिवसाचे सौदे सुरू केले. दिवसभर लॅपटॉपसमोर. आधी त्याची एफडी गेली. मग माझ्या बांगड्या, "महिन्यात सोडवून आणतो" म्हणून. मग माझ्या आईचा हार, तो न विचारता.

दिवाळी आली. ऋतिकाचा तोळा द्यायचा होता आणि त्याच्याकडे काही नव्हतं. मी माझ्या पगारातून द्यायचं ठरवलं. एका वेळी तोळा परवडणं शक्यच नव्हतं. पैसे साठवून वर्षाने घ्यावा तर त्या घरात तोळा होईपर्यंत काही टिकत नव्हतं. म्हणून मी एक ग्रॅम निवडलं. एका पगारातून निघतं. दुकानातून थेट ऋतिकाच्या हातात, तिच्या हातातून मुलुंडला. एक रात्रसुद्धा बोरिवलीत राहत नाही. घडणावळ त्याचीच भरत होते मी.

बाकी चढ-उतार वगैरे जे लिहिलं ते खोटं नव्हतं. पण कारण ते नव्हतं.

त्या रविवारी पाकीट टेबलावर आलं तेव्हा निलेश समोरच होता. मी ते उचलून माझ्या ऑफिसच्या पर्समध्ये, टिफिनखाली ठेवलं. सकाळी अंघोळ करून आले तर तो घरात नव्हता. पर्स उघडी. मी ऑफिसला गेलेच नाही. दुपारी नाणी विकून आला, हातात आइस्क्रीमचा डबा. म्हणाला, "आज दुप्पट करून आणतो, तिला तोळाच काय दोन तोळे देऊ." चार वाजेपर्यंत सगळं गेलं होतं.

मी भांडले नाही. माझ्यात भांडणच उरलं नव्हतं. महिनाभर उसने मागून नाणी परत उभी करता येतात का बघितलं. नाही जमलं. मग कपडे भरले.

ऋतिकाला नोकरीचं सुरुवातीपासून माहीत होतं. दुकानात तिला रडू आलं होतं ते त्याच दिवशी, मी तिला नाण्यांचं खरं कारण सांगितलं तेव्हा. नाणी गेल्याचं तिला तिच्या पपांनीच फोनवर सांगितलं, रडत. तिने तुम्हाला सांगितलं नाही ते माझ्यासाठी नाही. तिच्या पपांवर तुम्ही हसाल ही भीती त्याने तिच्याही डोक्यात घातलीय.

मी नाण्यांवर हात टाकला नाही, ताई. पण नाणी माझ्या घरातून गेली. ती मी भरून देईन. वेळ लागेल.

रुचिरा


मुलुंड पूर्व
४ ऑगस्ट २०२५

रुचिरा,

तू म्हणते आता. तुम्ही म्हणण्याएवढी ताकद नाही.

तुझं पत्र लॅबमध्येच वाचलं, दुपारी, रक्ताच्या नळ्यांच्या रॅकसमोर उभी राहून. खरं सांगू? आधी मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की खुर्चीत बसले. अगं, सहा वर्षं मी ऐकतेय, निलेश सुधारला. नवीन बायको आली आणि माणूस सुधारला. सासूबाई लोकांना सांगत फिरायच्या. माझ्याकडे असताना त्याने माझ्या पीएफचे पैसे मित्राच्या धंद्यात घातले होते, आणि तुझ्याकडे तो रविवारी चिकन बनवतो. मग दोष माझ्यातच असणार ना? हे मला आतून जाळत होतं. केस, सेंट, नाणी ही सगळी त्याच्यावरची भर.

म्हणून बरं वाटलं. मग नाणी आठवली. तू ती एक रात्रही त्या घरात राहू देत नव्हतीस, आणि मी ती पाकिटात घालून तिथे पाठवली. का? तर त्यांना गोष्टी होत्या.

नाण्यांचा एक पैसाही तू द्यायचा नाहीस. तो विषय संपला.

ऋतिकाला रात्री जेवताना सांगितलं, मला सगळं कळलंय. तिने ताट सारलं.

"हसणारेस?"

"नाही."

"पपांना काही बोलणारेस?"

"त्याच्याशी वकील बोलेल. मी नाही."

ती भात चिवडायला लागली. मग म्हणाली, "मला रुचीला भेटायचंय. तू नाही म्हणालीस तर नाही भेटणार. पण मग मला विचारू नकोस की मी गप्प का असते."

मी नाही म्हणणार होते. ओठावर आलं होतं. तू विक्रोळीला आलीस म्हणजे आता चार स्टेशनांवर आलीस. बोरिवली लांब होतं तेच बरं होतं.

येत्या रविवारी ती येईल. अकरा वाजता. तिला मिरगुंडं खाल्ली की पित्त होतं, मावशींना सांग.

पद्मजा


कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व
११ ऑगस्ट २०२५

ताई,

ऋतिका आली होती. मावशीने घावणे केले होते. तिने सहा खाल्ले आणि मावशीशी तासभर गप्पा मारल्या.

मग गॅलरीत मला म्हणाली, "तू पपांना सोडलंस. मग आता तू माझी कोण?"

तुम्हाला कोर्टाने रविवार ठरवून दिले, तिच्या पपांना दिले. मला कोणी द्यायचे? माझ्यासाठी शब्दही नाही. मी तिला म्हटलं, तू ठरव. ती चिडली. "सगळे मलाच काय ठरवायला सांगता?" म्हणाली आणि आत जाऊन मावशीच्या पलंगावर पाठ करून झोपली. जाताना मात्र माझा हात धरून स्टेशनपर्यंत आली. तिने असा हात पहिल्यांदाच धरला.

ताई, ऑफिसात पुण्याची जागा रिकामी झाली आहे. पगार बरा आहे. साहेब म्हणतात, गणपतीनंतर जा. मला वाटतं जावं. आणखी दोन वर्षांनी तिला तोडायला जड जाईल, आत्ताच जड जातंय. शिवाय तुम्हालाही मोकळं वाटेल. तुम्हाला माझा त्रास होतो हे मी पहिल्या पत्रापासून जाणते, आणि मलाही तुमचा होतो. काल ती जाताना तुमचा फोन आला, "निघालीस का?" तिने "हो गं आई" म्हटलं, इतक्या सवयीने, की मी दुसरीकडे बघितलं.

साहेबांना गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तुम्ही नको म्हणाल असं नाही. तरी तुम्हाला न विचारता हो म्हणणं मला बरं वाटेना.

रुचिरा


मुलुंड पूर्व
१३ ऑगस्ट २०२५

रुचिरा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. गुरुवारच्या आत पोचायला हवं, म्हणून लॅबच्या माणसाबरोबर पाठवतेय. तो विक्रोळीला सँपल गोळा करायला जातोच.

तुझं पत्र वाचून पहिला विचार हाच आला, की जाऊ दे हिला पुण्याला. सुटले. मी तुझं अभिनंदनाचं पत्र मनात लिहूनही टाकलं होतं. चांगलं लिहिलं होतं, तुला खरंच वाटलं असतं.

पण रविवारी काय झालं ते तुला माहीत नाही. तू तिला गाडीत बसवलंस, मी तिला दार उघडलं. मला वाटलं होतं, रडून येईल. ती आत आली, सरळ स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि बोलायला लागली. निलेशबद्दल, त्याच्या त्या लॅपटॉपबद्दल, तिला एक मुलगा आवडतो त्याच्याबद्दल (तुला हे आधीच माहीत असणार, मला सांगू नकोस माहीत होतं म्हणून), तुझ्या मावशीच्या घावण्यांबद्दल. मी भाजी करपू दिली. वर्षभरात ती माझ्याशी इतकं बोलली नव्हती. मध्येच तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. केस अजून तुझ्या पार्लरवालीने कापलेत तसेच आहेत. छान दिसतात.

तुझ्याकडून आली की ती माझ्याशी बोलते. का ते मला कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही. मला फक्त राग येतो. मी तिला जन्म दिला आणि तिचं तोंड तू उघडतेस.

तिने मलाही तेच विचारलं, रुची आता माझी कोण. मी म्हटलं, मलाही माहीत नाही, पण महिन्यातून दोन रविवार ती आहे. एक नाही, दोन. मी माझ्यातला एक दिलाय. मोठ्या मनाने दिलेला नाही, दात खाऊन दिलाय, हे लक्षात ठेव.

नाण्यांचं आपण दोघी मिळून पुन्हा सुरू करू. तुझा एक ग्रॅम, माझा एक ग्रॅम. तू दोनचं घेतलंस तर बघ.

साहेबांना नाही म्हणून सांग. तू इथे असलेली मला आवडणार नाही. ती तुझ्याकडे निघाली की मला दर वेळी आत काहीतरी चावणार आहे, म्हातारी होईपर्यंत.

तरी राहा.

पद्मजा